धर, सोडू नको

आमच्या मोटारसायकलच्या टायरला चोवीस वर्षांत एकाही दुकानदाराचा हात लागला नाही. ही बढाई माझी नव्हे, नवऱ्याची. मोखाड्यात कुणीही भेटो, स्टँडवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात, गाडीचा विषय निघायचा अवकाश, की हे सुरू. "दुसऱ्याने बसवलेल्या टायरवर मी बसत नाही." ऐकणारा मान हलवायचा. मी शेजारी उभी राहून ओढणी सावरायची आणि मनात म्हणायची, तुम्ही नाही बसत हो, पण चाकासमोर फतकल मारून कोण बसतं तेही सांगा की एकदा.

मी त्यांना अहो-जाहोच करत आले. लिहितानाही तसंच करते, हात आपोआप तसाच वळतो. एवढ्या संसारात मी त्यांच्याशी एकेरीवर आले ती एका उन्हाळ्यात, तीही एका शब्दापुरती. हे सगळं लिहायला बसले ती त्या शब्दापायी.

टायर बदलायचा म्हणजे रविवार जायचा. सकाळी पडवीत गोणपाट अंथरलं की घर वेठीला धरलेलं. चहा पडवीत, जेवण पडवीत, पडवीतून कुणी ये-जा करायची नाही, कारण एखादा नट लाथेने उडेल. चाक काढून आडवं टाकायचं, टाचेने दाबून टायरचा काठ रिमपासून सुटा करायचा, मग लिव्हर घालायची. लिव्हर म्हणजे टोकाला वाकवलेली वीतभर लोखंडी पट्टी. ती रिम आणि टायरच्या मध्ये खुपसून टायर उचलायचा. एका माणसाला ते जमतं म्हणतात. ह्यांना मात्र समोर मी लागायची. मी टायरचा बसलेला काठ दोन्ही हातांनी दाबून धरायची, नाहीतर हे इकडे बसवतात तोवर तिकडून वर येतो. "धर," हे म्हणायचे. "धर नीट. सोडू नको." दिवसभर तोंडात तेवढंच. पान्हा धर, टॉर्च धर, ट्यूब धर, चाक उभं धर. लग्नात ह्यांनी माझा हात धरला, त्यानंतर धरायचं काम सगळं माझ्याकडेच आलं.

दुकानात का जायचं नाही, याला एक कारण होतं, आणि ते सांगायला ह्यांना फार आवडायचं. आमच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत एका माणसाने स्टँडच्या रस्त्याला पंक्चरचं दुकान टाकलं. पलीकडच्या पाड्यावरचा, भिवंडीला एका गॅरेजात राबून धंदा शिकून आलेला, नवीन आणि घाबरट. ह्यांनी त्याच्याकडून एकदाच टायर बसवून घेतला. टायरच्या अंगावर एक बाण कोरलेला असतो, चाक कोणत्या दिशेने फिरायचं ते सांगणारा. त्याने तो उलटा बसवला. झालं. बाजाराचा दिवस होता, रस्त्यात माणूस मावत नव्हतं, आणि ह्यांनी त्याला तिथेच चाक खोलायला लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून बोलावलं. त्याचं बोट धरून बाणावर ठेवलं आणि म्हणाले, "वाचता येत नाही, ते समजू. बाणसुद्धा कळत नाही? मग टायरला कशाला, बैलाला हात लाव की. त्याचं तोंड तरी ओळखू येईल." लोक खो-खो हसले. तो हात जोडून उभा होता, बोटाला काळं लागलेलं. मी भाजीची पिशवी घेऊन पाठीमागे उभी होते, आणि मीसुद्धा हसले. नवीन लग्न होतं, नवरा सगळ्या बाजारात हुशार ठरत होता, मला त्याचा अभिमान वाटला. आज आठवलं की माझंच थोबाड रंगवावंसं वाटतं.

त्या दिवसापासून टायर घरी. दुकानवाले टायरच्या काठाला साबणाचं पाणी लावतात, म्हणजे तो रिमवर सरकन चढतो. हे म्हणायचे, साबण हा दुकानवाल्यांचा आळशीपणा. हे लावायचे मोहट्याचं तेल. आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल काढतात, भाजीला, दिव्याला, अंगाला लावायला. माझ्या माहेरून बाटली यायची ती स्वयंपाकघरात पोचायच्या आधी पडवीत उघडली जायची. टायर गुळगुळीत चढायचा हे खरं. मी काही बोलले की उत्तर तयार, "तुला काय कळतंय त्यातलं? तू धर."

एका रविवारी तेलाने लिव्हर सटकली. टायरचा काठ उसळला आणि फट्कन खाली बसला, मधे माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट. मी ओरडले तेव्हा शेजारच्या कोंबड्या पळाल्या. ह्यांनी लिव्हर पुन्हा घालून काठ उचलला, बोट बाहेर आलं, आणि पहिला शब्द काय? "सोडलंस ना? सोडू नको म्हटलं होतं." मी सोडलं नव्हतं. सोडलं असतं तर बोट वाचलं असतं, एवढं साधं गणित. पण त्यांच्या तोंडापुढे गणित कुठलं चालायला?

मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईने विचारलं, कसं झालं? हे माझ्या शेजारी उभे होते, भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यात डोकं घालून. मी म्हणाले, "दारात सापडलं." का म्हणाले कोणास ठाऊक. नवऱ्याने बायकोला टायर धरायला बसवलं, हे सांगायची मलाच लाज वाटली. ह्यांनी तक्त्यावरून नजर हलवली नाही. घरी आल्यावर राहिलेला अर्धा टायर बसवला, आणि तोही मीच धरला, उजव्या हाताने. पुढे नख आलं ते वाकडं आलं. अजून कापताना दुखतं. फळ्यावर लिहिताना मी डावा हात पाठीशी ठेवते, पोरं विचारतात म्हणून.

खोटं बोलणार नाही, गाडी चालवायला मला ह्यांनीच शिकवलं. आमच्या आळीत बाई मोटारसायकलवर बसायची ती मागे, एका बाजूला पाय टाकून. ह्यांनी मला पुढे बसवलं, शाळेच्या मैदानावर आठ दिवस मागे धावले, आणि मी पडले तेव्हा हसणाऱ्या माणसाला शिवी घातली. मला वाटतं त्यांना मी चालवलेली आवडायची. शेवटी टायर त्यांनीच बसवलेला असायचा.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर, सकाळी कचेरीत जाण्याआधी पडवीत बुटाची नाडी बांधता बांधता हे उजव्या अंगावर कलले. मी म्हटलं, काहीतरी शोधतायत खाली. जवळ गेले तर तोंड एका बाजूला ओघळलेलं. जीप करून नाशिकला नेलं, मुलगी तिथेच नोकरीला आहे, तिने धावाधाव केली. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, अशा माणसाच्या तोंडात कधीकधी एखादा सवयीचा शब्द शिल्लक राहतो. कुणाला शिवी राहते, कुणाला देवाचं नाव. ह्यांना काय राहिलं असेल? पाणी हवं, "धर." लघवीला लागली, "धर." पंखा बंद कर, डास चावतोय, मुलीचा फोन आला का, सगळ्याला "धर." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन तोंडावर ओढणी धरून हसले. मग रडले, पण आधी हसले.

नाशिकला व्यायाम शिकवणारी एक तरुण डॉक्टरीण होती, गोड बोलायची. तिने मला समोर बसवून दोनदा समजावलं. "काकू, अशा हाताला मूठ मिटणं आपोआप येतं, उघडणं येत नाही. त्यामुळे त्यांना पकडायला लावू नका. बोटं उघडायला शिकवा. एकेक बोट. पकड वाढली की ती सुटत नाही मग." मी मान डोलावली. मास्तरीण आहे मी, एकदा सांगितलेलं विसरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरी आलो तेव्हा पडवीत खुंटीला नवा टायर टांगलेला होता. आजारी पडायच्या आधी ह्यांनी आणून ठेवलेला, अंगावर रबराचे बारीक केस तसेच. गाडीच्या मागच्या टायरचं पार टक्कल झालं होतं, नक्षी नावाला नव्हती. मी मेकॅनिककडे नेते म्हटल्यावर ह्यांनी डावा हात असा आपटला खाटेवर, की तांब्या पडला. मग त्याच हाताने स्वतःच्या छातीकडे खूण केली. नंतर उजवा हात उचलून दाखवला, लोंबणारा. म्हणजे, हा बरा होईल आणि मीच बसवीन. डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला ते बघवलं नाही. म्हटलं, बरं, तुम्हीच बसवा.

तेव्हापासून त्यांची सगळी आशा त्या टायरला टांगलेली. पायाचं त्यांना काही नव्हतं, बोलण्याचं काही नव्हतं. हात परत आला पाहिजे आणि तो टायर त्या हाताने चढला पाहिजे, बस. आणि मी रोज त्या टकल्या टायरवर पोशेऱ्याच्या पुढच्या पाड्यावर माझ्या शाळेत जात होते, कारण शाळेच्या वेळेला तिकडे जीप नसते. उतारावर बारीक खडी असते, तिथे गाडी मागून नाचायची. जीव मुठीत धरून जाणं म्हणजे काय, ते मी त्या हिवाळ्यात शिकले. उन्हाळ्यापर्यंत चाललं. पण जूनमध्ये शाळा उघडणार, पाऊस लागणार, चिखलात त्या टायरवर मी दोन दिवसही टिकले नसते.

हाताचा व्यायाम सुरू झाला. जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून मी त्यांच्या उजव्या तळव्यात ठेवायची. "धरा." बोटं हळूहळू मिटायची. त्यांना इतका आनंद व्हायचा! हात जिवंत झाला असंच वाटायचं त्यांना. मी उघडा म्हणायची तेव्हा काही व्हायचं नाही, चेहरा पडायचा, मग मीच बोटं सोडवायची आणि पुन्हा "धरा." दिवसातून तीनदा, चारदा. बघायला येणारे म्हणायचे, वा, भाऊसाहेबांची पकड काय घट्ट झाली! कारकून म्हणून सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. हे सगळ्यांना मूठ दाबून दाखवायचे. आणि मला ती डॉक्टरीण शब्दन्‌शब्द आठवत होती. विसरले असते तर आज बरं वाटलं असतं. पण तो शब्द माझ्या तोंडात आता गोड लागत होता. चोवीस वर्षं ऐकला, आता मी म्हणत होते आणि हे ऐकत होते. उघडा म्हणण्यात ती मजा नव्हती.

एप्रिलमध्ये शेतांवर राब भाजतात, पालापाचोळा पसरून जाळतात, सगळीकडे धूर असतो, तेव्हाची गोष्ट. मी शाळेतून आले, उतारावर पडता पडता वाचले होते, ढोपर खरचटलं होतं. ह्यांनी ते पाहिलं आणि मानेने खुंटीवरच्या टायरकडे खूण केली, मग हात उचलून दाखवला. थांब, होईल. माझं डोकं सटकलं. मी ट्यूबचा तुकडा त्यांच्या तळव्यात कोंबला आणि म्हणाले, "धर."

धरा नाही. धर.

त्यांनी चमकून वर पाहिलं. आमच्या घरात बायको नवऱ्याला असं म्हणत नाही. माझ्या आईने माझ्या बापाला कधी म्हटलं नाही, आणि बाप काही देवमाणूस नव्हता. मला वाटलं, आता डावा हात येईल अंगावर. आला नाही. त्यांनी मान खाली घातली आणि मूठ मिटली. मी म्हटलं, "सोडू नको." आणि चहा टाकायला आत गेले, बऱ्याच दिवसांनी हलक्या पायाने. चहा प्यायले, भांडी घासली, बाहेर आले तर हे तसेच बसलेले, मूठ तशीच. सुटत नव्हती. मी सोडवली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा "धर"च म्हटलं. चारचौघांत धरा, दोघंच असलो की धर. महिना दीड महिना हे चाललं, आणि मी त्यात सुखी होते हे मी लिहून ठेवते.

मे सरत आला तरी हात तिथेच होता. मी ठरवलं, आता पुरे. चाक काढून दुकानात नेणं सोपं होतं, ह्यांना कळायच्या आत काम झालं असतं. पण मला ते नको होतं. मी स्टँडच्या रस्त्याला त्याच दुकानात गेले, त्याच माणसाकडे. आता त्याचे केस पिकलेत, हवा भरायचं मशीन आलंय. म्हटलं, "घरी येऊन टायर बसवून द्या."

तो हात पुसत उभा राहिला. "बाई, चाक इथे आणा ना. घरी भाऊसाहेब रागावतील."

"त्यांना बोलता येत नाही," मी म्हणाले.

तो आला. हत्यारांची पिशवी, साबणाच्या पाण्याचा डबा, पायाने मारायचा पंप. मी ह्यांची खुर्ची मुद्दाम पडवीत आणून ठेवली होती, तोंड गोणपाटाकडे. त्यांनी त्याला ओळखलं. खुंटीवरचा टायर मी काढून त्याच्या हातात दिला तेव्हा ह्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला, "धर, धर, धर!" पंक्चरवाला थबकला. मी म्हटलं, "तुम्ही करा तुमचं काम. ते असंच म्हणतात."

त्याने जुना टायर काढला, रिमवरून बोट फिरवलं, वास घेतला. "ह्याला तेल लावलंय का, बाई? तेलाने टायर रिमवर फिरतो. आणि ट्यूबला ओढ बसते. हा व्हॉल्व बघा, किती तिरका झालाय. अजून थोडा फिरला असता तर मुळापासून तुटला असता, चालत्या गाडीत. साबणाचं पाणी सुकून जातं, तेल सुकत नाही."

"जरा मोठ्याने सांगा," मी म्हणाले, "ह्यांना कमी ऐकू येतं." ह्यांचे कान माझ्याहून तिखट आहेत. त्या बिचाऱ्याने सगळं पुन्हा मोठ्याने सांगितलं, अगदी समजावून. ह्यांचा हात आपटायचा थांबला. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या तिरक्या व्हॉल्वकडे बघत होते. इतकी वर्षं मी कशावर बसून उतार उतरत होते, ते त्यांना तेव्हा कळलं असेल. मला मात्र तेवढ्याने समाधान नव्हतं.

आणि पुढे झालं ते माझ्या हिशेबात नव्हतं. पंक्चरवाल्याने नवा टायर रिमजवळ धरला, त्यावरचा बाण शोधला, आणि चाक उचलून ह्यांच्या खुर्चीपाशी नेलं. "भाऊसाहेब, बाण बघून घ्या. बरोबर आहे ना?" मी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. मला म्हणाला, "तेव्हापासून सवयच लागली, बाई. कुणाचाही टायर असो, बाण दाखवल्याशिवाय बसवत नाही." ह्यांनी डावं बोट त्या बाणावर ठेवलं, फिरवलं, आणि मान हलवली. दोघं हसले, माझ्यासमोर. ज्याची ह्यांनी भर बाजारात लाज काढली, तो ह्यांना मान देत होता, आणि चोवीस वर्षं चाक धरणारी मी तिथे कोणीच नव्हते. मला भयंकर संताप आला.

मी म्हणाले, "ह्यांनाही हात लावू द्या की. एवढा हट्ट होता." ह्यांना खुर्चीवरून उठवून पायरीवर बसवलं, चाक पायाशी. त्यांचा चेहरा उजळला, लहान मुलाचा उजळतो तसा. तोवर टायरचा एक काठ बसला होता, दुसरा अर्धा बसला होता. मी त्यांचा उजवा हात उचलला आणि जिथे टायर अजून वर होता तिथे, रिमच्या कडेवर, बोटं आत करून ठेवला. आणि परक्या माणसासमोर म्हणाले, "धर."

पंक्चरवाल्याने झटकन वर पाहिलं, मग नजर खाली नेली. ह्यांची मूठ रिमवर मिटली. तो पलीकडून लिव्हर मारत येऊ लागला, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि मधली फट कमी कमी होत बोटांकडे सरकू लागली. वीतभर राहिली तेव्हा तो मान खाली घालूनच, भिवंडीच्या गॅरेजातल्या सवयीने हिंदीत म्हणाला, "छोडो भाऊसाहेब, अब छोडो."

ह्यांनी सोडायचा प्रयत्न केला. मी पाहिलं. हात खांद्यापर्यंत थरथरला, मानेची शीर फुगली, बोट एकही हललं नाही. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "धर." मग मोठ्याने, "धर! धर!" त्यांच्याकडे तेवढाच शब्द होता. त्याचा अर्थ मला कळला, शंभर टक्के कळला. सोडव, असा होता. पंक्चरवाल्याला कळला तो शब्दासारखाच. त्याला वाटलं, भाऊसाहेब आपल्यालाच सांगतायत, घट्ट धर, जोर लाव. त्याने दोन्ही लिव्हर एकदम दाबल्या.

थांबा म्हणायला मला वेळ होता. दोन अक्षरं आहेत, माझी पहिलीची पोरं वाचतात. मी म्हटलं नाही.

काठ बसल्याचा आवाज आला, फट्. तो आवाज मला ओळखीचा होता. ह्यांनी ओरडायला हवं होतं, ओरडले नाहीत. त्या हाताला किती कळतं, ते मला अजून माहीत नाही. रिमवरून बारीक रक्त उतरलं तेव्हा पंक्चरवाल्याने पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! बाई, मला वाटलं ते धर म्हणतायत, मला वाटलं..." त्याने लिव्हर घालून काठ उचलला. मूठ तरीही सुटली नाही. मी खाली बसले आणि एकेक बोट उघडलं, करंगळी, अनामिका, मधलं. डॉक्टरणीने शिकवलं होतं तसं. मधल्या बोटाचं नख आडवं झालं होतं. हे सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला कळलं की मी पाहत होते हे त्यांनी पाहिलंय.

पंक्चरवाल्याने जीप बोलावली आणि दवाखान्यात बरोबर आला. दाराशीच उभा राहिला, आत यायचं त्याचं धाडस होईना. माझ्या बोटाच्या वेळच्या त्याच खोलीत ह्यांना नेलं. डॉक्टर नवीन होता, पोरगेला. बोट धुता धुता त्याने विचारलं, "काय झालं, काका? कशात सापडलं?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते मला ठाऊक नाही. दाराशी उभ्या माणसाचं नाव घेणंही सोपं होतं, ते मनात आलं होतं, तेही लिहून ठेवते. माझ्या आधी हे बोलले. एकच शब्द, जिभेत अडकत, लांबवलेला.

"दार?" डॉक्टर म्हणाला. "दारात सापडलं का?"

सात महिने त्यांच्या तोंडून धरशिवाय काही निघालं नव्हतं. तेव्हाही धरच निघालं असेल, आणि जीभ जड म्हणून डॉक्टरला तसं ऐकू आलं असेल. किंवा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जोर लावून दुसरा शब्द काढला असेल, माझाच, त्या तक्त्यात डोकं घालून ऐकलेला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"हो," मी म्हणाले. "दारात."

त्याने तसं लिहून घेतलं. मी टेबलावरचा डावा हात मागे घेणार होते, पण ह्यांनी तो आपल्या चांगल्या हाताने धरून ठेवला होता. ते माझ्या वाकड्या नखाकडे बघत होते.